‘सिन्नरला जा, कंत्राटदाराकडे जा, नाहीतर राजीनामा द्या’: कपातीच्या वेळी पर्याय नाकारला तर भरपाई बुडते का?

प्रश्न थोडक्यात: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारी कंपनी. कायम कामगार दीडशेच्या आसपास. विचारणारे मशीन ऑपरेटर, सेवा १४ वर्षं ७ महिने, बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २२,००० रुपये, घरभाडे-प्रवास भत्ता धरून हातात येणारा आकडा ३४,०००. पुनर्रचनेच्या नावाखाली टर्निंगची, म्हणजे लेथवरच्या कामाची लाइन हलवायचं चाललंय. एचआरने तोंडी तीन पर्याय दिलेत: सिन्नरच्या प्लांटला जा, किंवा इथेच कंत्राटदाराच्या हजेरीवर काम करा, किंवा राजीनामा देऊन ‘सगळं धरून’ दोन लाख घ्या. वर असंही सांगितलंय की पर्यायी नोकरी नाकारली की कायद्याने भरपाई मिळत नाही. हे खरं आहे का, आणि नियमाने किती बसतात?

उत्तर:

जसं सांगितलंय तसं ते खरं नाही. पण ‘नाही म्हणून टाका, काही होत नाही’ असा सल्ला कट्ट्यावर मिळाला असेल तर तोही मानू नका. तुम्हाला दिलेले तीन पर्याय कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला नकार दिल्याचा परिणाम वेगळा आहे. म्हणून आधी एकच बघायचं: तुमच्या हातात येणारा कागद नक्की कसला आहे? विचारणा, बदलीचा आदेश, नव्या मालकाचं नेमणूकपत्र की राजीनाम्याचा मसुदा?

‘पर्यायी काम नाकारलं की भरपाई गेली’ हे वाक्य येतं कुठून, ते आधी सांगतो. इंग्लंडच्या कायद्यात तसा नियम खरोखर आहे. तिथे मालकाने योग्य असं पर्यायी काम देऊ केलं आणि कामगाराने सबळ कारणाशिवाय नाकारलं, तर त्याचा भरपाईचा हक्क जातो. बदल्यात त्याला नवं काम चार आठवडे करून बघायची कायदेशीर मुभाही असते. नेटवर शोधलं की बहुतेक माहिती तिथलीच वर येते, आणि एचआरवालेही तीच वाचतात. आपल्याकडे असं वाक्य आहे ते कपातीच्या, म्हणजे कामावरून कायमचं कमी करण्याच्या कलमात नाही, तर ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरतं थांबवण्याच्या कलमात. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधलं कलम ६९ म्हणतं की ले-ऑफवर असलेल्या कामगाराने त्याच आस्थापनेत, किंवा त्याच मालकाच्या त्याच गावातल्या किंवा ८ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या आस्थापनेत देऊ केलेलं काम नाकारलं, तर त्याला ले-ऑफची भरपाई मिळत नाही. त्यालाही अटी आहेत: कामाला वेगळं खास कौशल्य किंवा पूर्वानुभव लागता कामा नये, कामगाराला ते जमण्यासारखं हवं आणि नेहमीचंच वेतन मिळायला हवं. हे ८ किलोमीटर त्रिज्येचे, त्र्यंबक रोडच्या ट्रॅफिकमधले नव्हेत. अंबडहून सातपूर या मोजपट्टीत बसेल, तसंही दोन्ही एकाच शहरात आहेत. सिन्नर बसत नाही.

ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम नसणं. नोकरी चालू असते, पगाराऐवजी बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के मिळतात, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात आणि वर्षभराची सलग सेवा झालेल्यांना. तुमच्याकडे आधी ले-ऑफ लावून मग कपात करायचा बेत असू शकतो, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. ले-ऑफच्या काळात दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी लावावी लागते. ‘काम नाही, घरीच बसा’ असं तोंडी सांगितलं म्हणून घरी बसलात तर त्या दिवसाची भरपाई नाकारता येते. आणि आधीच्या १२ महिन्यांत दिलेली ले-ऑफ भरपाई पुढे कपातीच्या भरपाईतून वळती करून घ्यायची मुभा मालकाला आहे. फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशोबाच्या) कागदावर अचानक एक वजावट दिसते ती बहुधा हीच.

आता तुमचे पर्याय. सिन्नरपासून सुरू करतो, कारण खरी चूक होते ती इथेच.

सिन्नरचा प्लांट त्याच कंपनीचा आहे की फक्त नावाने सख्खा? पाटीवर तोच लोगो असतो, पण नावाच्या शेवटी एखादा शब्द वेगळा असला की ती कायद्याने वेगळी कंपनी असू शकते. तिथल्या कोणा ओळखीच्याची पगार पावती मागा आणि पीएफचा आस्थापना कोड, कंपनीचं पूर्ण नाव आपल्या पावतीशी ताडून बघा. पीएफ कोड एकाच कंपनीच्या दोन शाखांचेही वेगळे असू शकतात, म्हणून निर्णायक गोष्ट कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक.

कंपनी तीच असेल, तुमच्या नेमणूकपत्रात किंवा लागू असलेल्या स्थायी आदेशांत (कारखान्याच्या सेवानियमांत) बाहेरगावी बदली करता येईल असं कलम असेल, आणि वेतन, ग्रेड, सेवाज्येष्ठता कायम ठेवून लेखी बदली आदेश आला, तर ती कपात नाही. ती बदली आहे. तो आदेश झुगारून घरी बसलात तर कंपनी कपात करत नाही, गैरहजेरीची चार्जशीट देते, चौकशी लावते आणि बडतर्फ करते. बडतर्फीला कपातीची भरपाई नसते. ‘भरपाई बुडाली’ म्हणणाऱ्या पुष्कळांची ती अशी बुडलेली असते. पर्याय नाकारला म्हणून नव्हे, आदेश मोडला म्हणून. बदली चुकीची वाटत असेल, म्हणजे युनियनच्या लोकांनाच वेचून पाठवतायत किंवा तिथे तुमचं कामच नाही, तर हक्क राखून हजर व्हायचं आणि मग भांडायचं. ‘हक्क राखून हजर झालो आहे’ एवढे पाच शब्द हजर होण्याच्या पत्रात असले की पुरतं.

नेमणूकपत्रात बदलीचं कलम नसेल, किंवा ते फक्त एका विभागातून दुसऱ्या विभागात बदलीपुरतं असेल, तर सिन्नर हा प्रस्ताव ठरतो, हुकूम नाही. तो नाकारता येतो. त्यानंतर कंपनीला तुम्ही अंबडमध्ये नको असाल तर रीतसर कपात करावी लागेल आणि भरपाई द्यावी लागेल.

आणि सिन्नरची कंपनी वेगळी असेल तर तुमच्या संमतीशिवाय तुम्हाला तिकडे पाठवताच येत नाही. एका मालकाकडचा माणूस त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे वर्ग करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केलं, आणि २०११ मध्ये एका कारखान्याच्या विक्रीच्या वादात पुन्हा सांगितलं की नव्या व्यवस्थापनाकडे जायला नकार देणारे कामगार कायद्याप्रमाणे भरपाईला पात्र ठरतात. मात्र अख्खा कारखानाच नव्या मालकाला विकला गेला आणि तीन गोष्टी पाळल्या गेल्या, म्हणजे सेवेत खंड नाही, अटी आधीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे कधी काढलं तर जुनी सेवा धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर, तर नव्या मालकाकडे कामाला लागलेल्यांना विक्रीच्या वेळी वेगळी भरपाई मिळत नाही. तिसरी गोष्ट करारात शब्दाने लिहिलेली आहे का ते बघा. ‘सेवेची सातत्यता विचारात घेतली जाईल’ हे गुळमुळीत वाक्य आहे; ‘दिनांक अमुकपासूनची सेवा कपात भरपाई आणि ग्रॅच्युइटीसाठी धरली जाईल’ हे वाक्य हवं.

कंत्राटदाराच्या हजेरीवर जाण्याचा पर्याय म्हणजे इथली नोकरी संपणं आणि दुसरीकडे नवी सुरू होणं. जागा तीच, लेथ तोच, फक्त गणवेशावरचं नाव बदलतं आणि १४ वर्षांची सेवा शून्यावर येते. हा पर्याय घ्यायचाच असेल, आणि घर चालवायला काही जण घेतात, त्याला नावं ठेवत नाही, तर क्रम असा ठेवा: आधी या कंपनीकडून कपातीचं पत्र आणि पूर्ण भरपाई, मग कंत्राटदाराचं नेमणूकपत्र. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी तिकडे सही केली, तर ‘कामगार स्वतःहून दुसऱ्या नोकरीत गेला’ असं लिहायला कंपनी मोकळी. शिवाय तीच लाइन तिथेच कंत्राटी माणसांवर चालणार असेल तर मुळात काम संपलेलंच नाही. मग कपात खऱ्या कारणाने आहे का यावरच बोट ठेवता येतं. लाइन चालू असल्याचे फोटो, शिफ्टचं वेळापत्रक, नव्या माणसांच्या हजेरीच्या तारखा हे पुरावे त्यासाठी जपून ठेवा.

तिसरा पर्याय राजीनामा. कायद्यातल्या कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छा निवृत्ती स्पष्टपणे वगळलेली आहे, आणि राजीनामा तर तुम्हीच दिलेला असतो. म्हणजे तुमच्या सहीने कपात कपात राहतच नाही: नोटीस पगार नाही, कपात भरपाई नाही, पुनर्नेमणुकीचा अग्रहक्क नाही. राजीनामा दबावाखाली लिहून घेतला हे नंतर सिद्ध करता येतं, पण ते ओझं तुमच्या डोक्यावर येतं. आजकाल हे कागदावर घडतच नाही. मोबाइलमधल्या एचआर अॅपमध्ये ‘सेपरेशन’चं पान उघडून देतात, कारणाच्या यादीत ‘रिझाइन’ निवडायला लावतात आणि ओटीपी टाकायला सांगतात. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. केबिनमध्ये बोलावलं तर जा, ऐका, ‘लेखी द्या, घरी वाचून उत्तर देतो’ म्हणा आणि उठा. ‘आजच सही केली तरच ही ऑफर’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच रकमेपेक्षा मुदतीवर भर द्यायला असतं.

म्हणून आता रक्कम. तुमचा हिशोब मांडून दाखवतो, म्हणजे दोन लाख नक्की कशाचे आहेत ते कळेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्या कलम ७० प्रमाणे एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला काढताना कारण दाखवणारी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचं वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. तुमची १४ वर्षं ७ महिने म्हणजे १५ वर्षं. सरासरी वेतन महिन्याच्या पगारदारासाठी शेवटच्या तीन पूर्ण कॅलेंडर महिन्यांचं धरतात. त्या तीन महिन्यांत पगारवाढीचा फरक मिळायचा राहिला असेल तर तो आत्ताच मागा, कारण त्याचा परिणाम १५ वर्षांच्या गुणाकारात होतो.

१५ दिवस म्हणजे किती, यावर नेहमी वाद होतो. ग्रॅच्युइटीत महिन्याचं वेतन २६ ने भागून १५ ने गुणतात, तसं कायद्यातच लिहिलंय. कपात भरपाईत ते सूत्र चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवलंय. तिथे १५ दिवस म्हणजे सरळ अर्धा महिना. म्हणजे तुमचे:

नोटीस पगार २२,०००.
कपात भरपाई ११,००० गुणिले १५, म्हणजे १,६५,०००.
ग्रॅच्युइटी २२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १५, म्हणजे १,९०,३८५.
बेरीज ३,७७,३८५.

याशिवाय संहितेत एक नवी गोष्ट आहे: पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या दराने १५ दिवसांची रक्कम त्या निधीत भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. तुमचे ते ११,०००. ही वर्षागणिक नाही, एकदाच मिळते. शिल्लक रजेचे पैसे, चालू महिन्याचा पगार, बोनस आणि पीएफ हे सगळं वेगळं.

म्हणजे ‘सगळं धरून दोन लाख’मधले १,९०,३८५ तर तुमच्याच ग्रॅच्युइटीचे आहेत, जी राजीनामा दिला तरी पाच वर्षांच्या सेवेवर मिळतेच. खरी ऑफर ९,६१५ रुपयांची आहे.

तुमच्या पावतीत मूळ वेतन निम्म्याहून जास्त आहे म्हणून हिशोब सरळ झाला. तुमच्या बाजूच्या लाइनवर काहींची पावती अशी असेल: बेसिक अधिक महागाई १२,०००, घरभाडे-प्रवास आणि तत्सम भत्ते १८,०००, एकूण ३०,०००. वेतनाच्या नव्या व्याख्येतून घरभाडे-प्रवासासारखे भत्ते वगळलेले आहेत, पण ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा. निम्मे १५,०००, भत्ते १८,०००, जास्तीचे ३,०००. म्हणून वेतन १२,००० नव्हे, १५,०००. पंधरा वर्षांच्या सेवेला कपात भरपाई ९०,००० ऐवजी १,१२,५०० होते. हा फरक पडताळून न बघता एचआरच्या शीटवर सही करणारे बरेच आहेत. ग्रॅच्युइटीलाही हीच व्याख्या लागते. ज्यांची कपात २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी झाली त्यांना मात्र जुना १९४७ चा कायदा आणि त्यातली वेतनाची वेगळी व्याख्या लागू.

सलग सेवा मोजताना एक वर्ष म्हणजे कपातीआधीच्या १२ महिन्यांत २४० दिवसांचं काम. पगारी रजा, ले-ऑफ, कामावरच्या अपघातामुळे गैरहजेरी, प्रसूती रजा हे दिवस धरले जातात. मध्येच दोन-चार दिवसांचा ‘ब्रेक’ दाखवून नवं नेमणूकपत्र दिलेलं असेल तर पीएफचं पासबुक काढा. त्यात दर महिन्याची भरणा सलग दिसली की ब्रेक कागदापुरताच होता हे दाखवता येतं.

‘लेबर ऑफिसची परवानगी नाही म्हणून कपात बेकायदा’ असं युनियनमध्ये कोणी म्हणत असेल तर ते जुन्या हिशोबाने बोलतायत. १०० कामगारांची मर्यादा आता ३०० झालीय. ३०० किंवा जास्त असतील तर तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते, तीही ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर मिळाल्याचं धरतात. दीडशेच्या कारखान्यात परवानगी लागत नाही, पण शासनाला विहित नोटीस द्यावीच लागते. ती दिली का, हे कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी विचारता येतं, माहितीच्या अधिकारातही.

मग दीडशेच्या कारखान्यात पकडायचं काय? दोन जागा आहेत. एक, पैसे कधी दिले. नोटीस आणि भरपाई या कपातीच्या आधी पूर्ण करायच्या अटी आहेत; १९६० पासून सर्वोच्च न्यायालयाचं हेच म्हणणं आहे. ‘आज कामावरून कमी, भरपाई पुढच्या महिन्यात’ असं झालं तर कपातच टिकत नाही. म्हणून पत्राची तारीख, चेकची तारीख आणि खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख या तीन तारखा लिहून ठेवा. दोन, कोणाला काढलं. त्या प्रकारच्या कामगारांत शेवटी आलेला आधी जातो. सेवाज्येष्ठता यादी कपातीच्या किमान सात दिवस आधी फलकावर लावावी लागते. ती लागली त्या दिवशी फलकासकट फोटो काढा, कारण दुसऱ्या दिवशी दुरुस्त यादी लागते. तुमच्या मागून आलेला ऑपरेटर ठेवून तुम्हाला काढायचं तर मालकाला कारण लिहून ठेवावं लागतं. ‘प्रकार’ या शब्दाशी खेळ होतो: तुम्ही दहा वर्षं टर्निंगवर आणि मिलिंगवर दोन्हीकडे काम केलं असेल, तर ‘टर्निंग ऑपरेटर’ अशी वेगळी यादी करून फक्त त्यातून माणसं काढणं प्रश्नांकित करता येतं. जुनी शिफ्ट चार्ट इथे कामी येतात. आणि वर्षभरात त्याच कामाला माणसं घ्यायची झाली तर कपात झालेल्यांना आधी विचारावं लागतं. जुन्या कायद्यात ही मुदतच नव्हती, आता ती एक वर्ष आहे, म्हणून तेराव्या महिन्यात भरतीची जाहिरात दिसली तर आश्चर्य नको.

कंपनी ‘ही कपात नाही, विभाग कायमचा बंद’ असं म्हणाली तरी भरपाईचं सूत्र तेच. फक्त मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद झालं तर कमाल तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची मर्यादा येते, आणि आर्थिक अडचण किंवा न खपलेला माल ही हाताबाहेरची कारणं धरली जात नाहीत.

सुपरवायझर म्हणून पद असलेल्यांनी वाचणं इथेच सोडू नये. व्यवस्थापकीय काम करणारे, किंवा पर्यवेक्षणाचं काम आणि वेतन महिना १८,००० च्या वर, हे ‘कामगार’ नाहीत. त्यांना नेमणूकपत्रातली नोटीस आणि ग्रॅच्युइटी एवढंच. पण नाव काय हे न्यायालय बघत नाही, काम काय ते बघतं. दिवसभर स्वतः मशीन चालवणारा आणि रजा मंजूर करायचा अधिकार नसलेला ‘शिफ्ट सुपरवायझर’ कामगारच ठरू शकतो.

आज रात्री करायचं काम एकच: एक पत्र. ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टनेही, पोचपावतीसह. रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. मजकूर साधारण असा:

‘दिनांक … रोजी मला तोंडी सांगण्यात आले की मी सिन्नर येथे जावे, कंत्राटदाराकडे काम करावे किंवा राजीनामा द्यावा. कृपया लेखी कळवावे: सिन्नर येथील काम याच कंपनीत आहे की वेगळ्या, तेथे माझे वेतन, ग्रेड, सेवाज्येष्ठता आणि दिनांक … पासूनची अखंड सेवा कायम राहील का, कामाचे स्वरूप, पाळी आणि वाहतुकीची सोय काय आहे. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याचा माझा विचार नाही. मी कोणताही कायदेशीर आदेश नाकारलेला नाही. मी रोज पाळीला हजर आहे.’

शेवटची तीन वाक्यं काढू नका. पहिलं राजीनाम्याचा मार्ग बंद करतं, दुसरं ‘आदेश मोडला’चा, तिसरं ‘काम सोडून गेला’चा.

सिन्नरला खरंच जायचं मनात असेल तर घासाघीस करायला जागा आहे. आपल्याकडे चाचणीचे चार आठवडे कायद्याने नाहीत, पण करारात लिहून घेता येतात: दोन महिने जाऊन बघतो, जमलं नाही तर अंबडच्या सेवेच्या आधारे कपात भरपाई द्या. अंबडहून रोज पंचवीस-तीस किलोमीटर एकेरी, रात्रपाळी सुटल्यावर बस नसेल तर दुचाकीचं पेट्रोल आणि जीव दोन्ही आपलेच. कंपनीची बस कुठून सुटते, किती वाजता, आणि ओव्हरटाइम झाला तर ती थांबते का, एवढं विचाराच. पगार तोच राहिला आणि बस नसली तर ती पगारकपातच झाली. वेतन, भत्ते किंवा पाळीची पद्धत बदलून तुमचं नुकसान होणार असेल तर त्यासाठी २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार उपायुक्त कार्यालयात, अर्ज. कपातीचा वाद एकट्या कामगारालाही नेता येतो, युनियन लागत नाही. नव्या संहितेत दोन वर्षांची मुदत आहे, जुनी तीन वर्षं डोक्यात ठेवू नका. समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं. रक्कम ठरलेली आहे आणि फक्त दिली जात नाही अशी स्थिती असेल तर वसुलीचा वेगळा अर्ज असतो, त्यात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदाही आहे. त्याखालच्या तक्रारीला ९० दिवसच मिळतात आणि तिच्यात अंतरिम आदेश मागता येतो, म्हणून वकिलाकडे पहिल्याच भेटीत हे विचारा. चेक आला तर परत करायची गरज नाही. पावतीवर ‘हक्क राखून, तक्रारीसह स्वीकारले’ असं लिहून घ्या. ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ हे छापील वाक्य मात्र खोडल्याशिवाय सही नको.

कराचं: कपात भरपाई ५ लाखांपर्यंत, आणि कायद्याच्या सूत्राने येणाऱ्या रकमेपर्यंत, जे कमी ते करमुक्त. कंपनीने सूत्रापेक्षा जास्त दिले तर वरच्या रकमेवर कर बसू शकतो. ज्यांचा ईएसआय (कामगार विमा) चालू आहे त्यांना कपातीनंतर बेकारी भत्त्याच्या योजना आहेत, पण त्या नोकरी गमावलेल्यांसाठी आहेत, सोडलेल्यांसाठी नाहीत. ईएसआयच्या खिडकीवर पहिला प्रश्न तोच येतो.

नोकरी संपल्यावर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर त्यावर व्याज लागतं. आणि सेवा प्रमाणपत्र हातात घेताना नोकरी सोडण्याच्या कारणापुढे काय लिहिलंय ते तिथेच उभं राहून वाचा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलेलं असेल तर ‘कामगार कपात’ असं दुरुस्त करून मागा, आणि दुरुस्त होईपर्यंत पोच देऊ नका.